माहिती त्यांच्याकडे, आजार आमच्याकडे!

औषध कंपनीचा नफा तिच्या प्रयोगशाळेत तयार होतो, असा सर्वसाधारण समज आहे. शास्त्रज्ञ रात्रंदिवस संशोधन करतात, नवे औषध सापडते, रोगी बरा होतो आणि कंपनीला पैसा मिळतो, असे चित्र आपल्यासमोर वर्षानुवर्षे रंगविण्यात आले आहे. हे चित्र खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. कोणत्या औषधाचे पेटंट कधी संपणार, कोणता डॉक्टर काय लिहून देतो, कोणत्या प्रतिस्पर्ध्याचा कारखाना अडचणीत आहे आणि दिल्लीत कोणता नियम बदलण्याच्या हालचाली चालू आहेत, हे जिला इतरांच्या आधी कळते ती कंपनी मोठी होते. जिला उशिरा कळते ती बुडते किंवा विकली जाते. आम्हाला आज या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी लिहावयाचे आहे. कारण ही सगळी खबर शेवटी ज्याच्या आजारातून गोळा होते तो रोगी पुष्कळदा आपल्याच वस्तीत राहतो, आणि त्याच्या हातात मात्र गोळ्यांच्या पाकिटावर छापलेल्या किमतीखेरीज दुसरी कोणतीही माहिती नसते.

व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत याला 'स्ट्रॅटेजिक इंटेलिजन्स' असे भारदस्त नाव आहे. येथे इंटेलिजन्स म्हणजे हुशारी नव्हे. पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागात हा शब्द ज्या अर्थाने येतो त्याच अर्थाने तो येथे येतो, म्हणजे खबर. फरक इतकाच की, औषध कंपन्यांना लागणारी बरीचशी खबर चोरून काढावी लागत नाही. ती पेटंट कार्यालयाच्या दप्तरात, न्यायालयाच्या निकालपत्रात, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या पत्रांत उघड्यावर पडलेली असते. ती वेळेवर वाचणे आणि वाचून निर्णय घेणे एवढेच काम असते. या 'एवढ्याच' कामात कोट्यवधी रुपये मिळतात आणि जातातही.

खबरीची सुरुवात अगदी खालून होते. साबण किंवा चहापूड घेताना गिऱ्हाईक स्वतः निवड करते. औषधाचे तसे नाही. निवड डॉक्टर करतो, विक्री केमिस्ट करतो आणि पैसे रोगी देतो. म्हणून रोग्याच्या मनात काय आहे याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. डॉक्टरच्या पेनातून काय उतरते हे तिला हवे असते. ही माहिती आणून देणारा माणूस म्हणजे एम.आर. आपल्या समाजातील बी.एस्सी., बी.फार्म. झालेली कितीतरी मुले या नोकरीत आहेत. गळ्यात टाय, हातात जड बॅग आणि दवाखान्याबाहेर शेवटचा रोगी बाहेर पडेपर्यंत ताटकळणे. लोकांना वाटते हा मुलगा औषध विकतो. खरे पाहता तो विकतो त्याहून अधिक टिपतो. डॉक्टरला भेटून झाले की तो शेजारच्या मेडिकलवर जातो आणि कोणत्या डॉक्टरने कोणत्या कंपनीची किती औषधे लिहिली याची चौकशी करतो. धंद्याच्या भाषेत याला आर.सी.पी.ए. म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर औषधाच्या दुकानात उभे राहून घेतलेली डॉक्टरांची हजेरी! स्टॉकिस्टकडून सेकंडरी सेलचा आकडा येतो, केमिस्टकडून डॉक्टरचा कल कळतो आणि महिनाअखेर हे सगळे वरच्या कार्यालयात जमा होते. कोणत्या डॉक्टरला परिषदेच्या नावाखाली परगावी न्यायचे आणि कोणाची नुसत्या कॅलेंडरवर बोळवण करायची, हे मग तेथे ठरते.

डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या भेटींवरचा खर्च कंपन्या आयकरातून वजा करून घेत होत्या. हा खर्च वजावटीस पात्र नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला तेव्हा कोठे या प्रकाराला थोडा धक्का बसला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधविक्रीसाठी नवी आचारसंहिता जाहीर केली. ती मोडली तर तक्रार ऐकायची कोणी? कंपन्यांच्याच संघटनांनी नेमलेल्या समितीने! अशा न्यायदानावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

तर हे खालून गोळा होणारे विक्रीचे आकडे एकत्र करून विकणे हाच काही कंपन्यांचा स्वतंत्र धंदा आहे. आय.एम.एस. हेल्थ (आजची आयक्यूव्हीआ) ही त्यांपैकी जगभर पसरलेली. तिचे ग्राहक म्हणजे औषध कंपन्या, आणि आश्चर्य वाटेल, पण आपले सरकारसुद्धा! १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात औषधाची किंमत उत्पादनखर्चावरून ठरत असे. औषध तयार करायला किती पडले ते सांगा, त्यावर वाजवी नफा घ्या, असा तो हिशेब होता. २०१३ च्या आदेशाने हा हिशेबच बदलला. आता अत्यावश्यक औषधाची कमाल किंमत ठरविताना बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि तीवर दुकानदाराचे १६ टक्के चढवितात. ही बाजाराची आकडेवारी सुरुवातीला आय.एम.एस. हेल्थकडून घ्यावी, असे त्या आदेशातच लिहिले होते. म्हणजे कंपन्यांनी स्वतःच्या धंद्यासाठी विकत घेतलेल्या खबरीवरच सरकारने जनतेच्या औषधाची किंमत बेतली. गोळी तयार करायला किती पैसे लागतात हा प्रश्न विचारणेच बंद झाले. जो ब्रँड महाग आणि खपाऊ, तो सरासरी वर ओढणार हे उघड आहे. शिवाय घाऊक किंमत निर्देशांकानुसार दरवर्षी वाढ द्यायची ती वेगळी. २०२२ मध्ये ही वाढ १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के होती. त्या दोन वर्षांत बिगाऱ्याची मजुरी किती टक्क्यांनी वाढली, हे वाचकांनी आपापल्या घरात विचारून पाहावे.

आगाऊ खबरीतून धंदा कसा उभा राहतो याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला १९७० चा पेटंट कायदा एप्रिल १९७२ पासून लागू झाला. या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले. तो तयार करण्याच्या पद्धतीवरच तेवढे पेटंट मिळू लागले. पद्धत बदला आणि तेच औषध तयार करा, अशी ती मोकळीक होती. तिच्यावरच भारतीय औषध उद्योग वाढला. एड्सची साथ आफ्रिकेत लाखो माणसे गिळत होती तेव्हा तीन औषधे एकत्र दिली तर रोगी जगतो हे सर्वांना ठाऊक झाले होते. पण त्यांपैकी स्टाव्हुडिन एका बहुराष्ट्रीय कंपनीचे, लॅमिव्हुडिन दुसरीचे आणि नेव्हिरॅपिन तिसरीचे. तिघींची पेटंटे वेगवेगळी, त्यामुळे तिन्ही औषधे एका गोळीत घालण्याची वाट पाश्चात्त्य देशांत बंद होती. भारतात ती खुली होती. १९३५ साली स्थापन झालेल्या सिप्लाने ही फट बरोबर हेरली. कच्चा माल कितीला पडतो याचा हिशेब युसूफ हमीद यांच्याकडे होता आणि कायदाही त्यांनी नीट वाचलेला होता. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी सीमांशिवाय डॉक्टर्स या संस्थेला एका रोग्याचे वर्षभराचे औषध ३५० डॉलरना देऊ केले. त्या वेळी श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला १० ते १५ हजार डॉलर पडत होते.

सिप्ला ही काही धर्मादाय संस्था नव्हे आणि तिने या व्यवहारात नफा पाहिला नाही असेही आम्ही म्हणत नाही. तिने पाहिले ते असे की, गरीब रोगी संख्येने अफाट आहेत आणि त्यांच्यासाठी आज ना उद्या जगाला पैसा उभा करावा लागणार आहे. तसेच झाले. २००२ मध्ये ग्लोबल फंड आणि २००३ मध्ये अमेरिकेचा एड्स कार्यक्रम सुरू झाला. पुढे देणगीच्या पैशातून गरीब देशांसाठी घेतल्या जाणाऱ्या एड्सच्या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक औषधे भारतीय कंपन्यांची होती. ज्यांनी आफ्रिकेतील काळ्या माणसाला 'बाजार' मानलेच नव्हते, त्या बड्या कंपन्या ही खबर असूनही ती वाचू शकल्या नाहीत. माहिती गोळा करणाऱ्याची जात, वर्ण आणि वर्ग त्याला काय दिसू द्यायचे आणि काय नाही हे ठरवितो, हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेतील खेळ थोडा निराळा आहे. तेथील १९८४ च्या कायद्यानुसार पेटंटला आव्हान देणारा पहिला अर्ज ज्या कंपनीचा, तिला ते स्वस्त औषध विकण्याचा १८० दिवसांचा जवळजवळ एकाधिकार मिळतो. पहिला नंबर लागावा म्हणून एकेकाळी तेथील औषध प्रशासनाच्या कार्यालयाबाहेर कंपन्यांच्या माणसांनी मुक्काम ठोकून रांगा लावल्या आहेत. शेवटी २००३ मध्ये एकाच दिवशी आलेले अर्ज एकत्र पहिले धरण्याची सोय करावी लागली. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने ऑगस्ट २००१ मध्ये प्रोझॅक या नैराश्यावरील औषधाच्या ४० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर असा १८० दिवसांचा हक्क मिळविला. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय कंपनी. सर्वांचे लक्ष २० मिलिग्रॅमवर होते; रेड्डीजने ४० चा कोपरा पकडला. सहा महिने पैसा आला आणि मुदत संपताच भाव कोसळले. या धंद्यात तारीखच सर्वस्व असते. वजन आणि मधुमेहासाठी गाजलेल्या सेमाग्लुटाईडच्या भारतातील मुख्य पेटंटची मुदत मार्च २०२६ ची होती, आणि ती तारीख डोळ्यांसमोर ठेवून येथील अनेक कंपन्या कितीतरी आधीपासून तयारीला लागल्या होत्या.

खबर असून न वाचण्याची किंमत काय असते ते पाहावयाचे असेल तर रॅनबॅक्सीचे प्रकरण पाहावे. जून २००८ मध्ये जपानच्या दाईची सँक्योने ही भारतातील तेव्हाची सर्वांत मोठी औषध कंपनी घेण्याचा करार केला. एकूण व्यवहार सुमारे ४.६ अब्ज डॉलरचा होता. तीन महिन्यांत, सप्टेंबर २००८ मध्ये, अमेरिकेने रॅनबॅक्सीच्या देवास आणि पांवटा साहिब येथील कारखान्यांतून येणाऱ्या तीसहून अधिक औषधांची आयात थांबविली. दाईचीला वर्षभरातच प्रचंड तोटा पुस्तकात दाखवावा लागला. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकेतील कंपनीने गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. चाचण्यांची आकडेवारी खोटी असल्याचे आतून उघड करणारे दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्येच कंपनी सोडली होती. विक्रेत्या सिंग बंधूंनी महत्त्वाची माहिती दडवली, असे सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये ठरविले आणि दाईचीला अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक भरपाई देवविली. कंपनी मात्र तोपर्यंत सन फार्माच्या ताब्यात गेली होती.

दडवादडवी झाली हे खरेच. पण सगळेच काही दडलेले होते काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्येच रॅनबॅक्सीची एड्सवरील काही औषधे आपल्या मान्य यादीतून काढली होती. पांवटा साहिबच्या कारखान्याला अमेरिकेचे ताकीदपत्र २००६ मध्ये मिळाले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यू जर्सीतील कार्यालयावर छापा पडला तो वर्तमानपत्रांत आला होता. टोकियोच्या श्रीमंत कंपनीजवळ सल्लागारांची कमतरता नव्हती. तरीही बाजारपेठेचा आकार त्यांच्या डोळ्यांत इतका भरला की उघड्यावर पडलेली कागदपत्रे त्यांना दिसली नाहीत. शिवाय या साऱ्या प्रकरणात भरपाई मिळाली ती भागधारकाला. शंकास्पद चाचण्यांवरून पास झालेल्या एड्सच्या गोळ्या ज्यांनी गिळल्या त्यांच्या भरपाईचा खटला कोणत्याही लवादासमोर चालला नाही.

आता सरकारच्या खबरीकडे वळू. स्वतंत्र भारताने औषधाच्या बाबतीत एक दूरदृष्टी दाखविली होती. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशात पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे खाउजाचे वारे आले. चिनी कच्चा माल स्वस्तात मिळू लागला आणि भारतातील पेनिसिलीन-जी चे उत्पादन एकामागून एक बंद पडले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीच्या कंपनीची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा आणि नंतर तिची विक्री करण्याचा निर्णय घेतला. चार वर्षेही झाली नाहीत तोच कोरोना आला, चीनचे कारखाने थंडावले आणि ३ मार्च २०२० रोजी सरकारला २६ औषधे व कच्च्या मालाच्या निर्यातीवर घाईघाईने निर्बंध घालावे लागले. मग त्याच वर्षी हाच कच्चा माल देशात तयार करावा म्हणून खाजगी कंपन्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना निघाली. जे आपल्याकडे होते ते मोडीत काढायचे आणि तेच पुन्हा उभारण्यासाठी दुसऱ्याला पैसे द्यायचे, याला व्यवस्थापनशास्त्रात काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नाही.

यापेक्षाही गंभीर बाब रोजच्या पुरवठ्याची आहे. एखाद्या तालुक्याच्या गावी कोणत्या महिन्यात कोणत्या प्रतिजैविकाची किती पाकिटे खपतात याचा बऱ्यापैकी अंदाज मुंबईतील कंपनीला बसल्या जागी असतो. सरकारी रुग्णालयाला मात्र आपल्या भांडारातील औषध कधी संपणार ते संपल्यावर कळते. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ अर्भके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो फेटाळला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मार्च २०२४ मध्ये तर क्षयरोगाच्या नेहमीच्या गोळ्यांचाच देशात तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना पत्र लिहून स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. या आधीच्या पिढीतील औषधांवर पेटंट नाही, ती तयार करणाऱ्या कंपन्या भारतातल्याच आहेत आणि रोग्यांची नोंद सरकारच्याच संगणकावर आहे. तरी गोळी नाही! आणि हे अशक्य कोटीतील काम आहे असेही नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले. त्यामुळे कोठे काय शिल्लक आहे ते कळते. महाराष्ट्राने औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी.

असो. सरकार वाचत नाही म्हणून कोणीच वाचू नये असे थोडेच आहे? पेटंट कायद्यात एक साधा वाटणारा कागद आहे, त्याचे नाव फॉर्म २७. पेटंट घेतलेल्या कंपनीने त्या पेटंटचा भारतात काय वापर केला, किती माल विकला, हे सांगायचे असते. जर्मनीच्या बायर कंपनीचे नेक्सावार हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील औषध भारतात महिन्याला २,८०,४२८ रुपयांना मिळत होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीने जुलै २०११ मध्ये सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. बायरने स्वतःच भरलेल्या फॉर्म २७ मधील आकडे तिच्याविरुद्ध उभे राहिले. ज्यांना या औषधाची गरज होती त्यांपैकी जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास रोग्यांपर्यंतच ते पोहोचत होते. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईच्या कार्यालयातून देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत महिन्याला ८,८८० रुपये ठरविली. नॅटकोला धंदा मिळाला, बायरला स्वामित्वशुल्क मिळाले आणि रोग्याचे महिन्याला पावणेतीन लाखांपेक्षा थोडे कमी वाचले. एवढा उलथापालथ करणारा निर्णय बायरने आपल्याच हाताने भरलेल्या कागदावर उभा राहिला हे लक्षात घेतले पाहिजे. त्यानंतर २०१३ मध्ये डासाटिनिबसाठी आणि २०१६ मध्ये सॅक्साग्लिप्टिनसाठी आलेले अर्ज मात्र फेटाळले गेले.

दुसरे शस्त्र म्हणजे पेटंट मंजूर होण्याआधीच आक्षेप घेण्याचा हक्क. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत 'कोणतीही व्यक्ती' आक्षेप घेऊ शकते, असे कायद्याच्या कलम २५ मध्ये म्हटले आहे. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या बाबतीत असा आक्षेप घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. जुन्या औषधात किरकोळ बदल करून पुन्हा पेटंट मागण्याला कलम ३(ड) आडवे येते, हे नोव्हार्टिसला १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकावे लागले.

आणि मग बेडाक्विलिन. क्षयरोगावर नवे औषध येण्यास जगाला चाळीसहून अधिक वर्षे लागली, कारण क्षयरोगी गरीब असतो ही खबर कंपन्यांकडे पक्की होती. (विदर्भातील सिकलसेलच्या रोग्यांना याचा वेगळा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.) डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने बेडाक्विलिनला मान्यता दिली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर ते आशेचा किरण होते. जगातील क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे. गोवंडी, मानखुर्द, धारावीच्या ज्या घरांत ऊन शिरत नाही तेथे हा आजार काय करतो ते आमच्या वाचकांनी पाहिलेले आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुख्य पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. कंपनीने त्याच औषधाच्या क्षारावर दुसरा अर्ज करून ती २०२७ पर्यंत लांबविण्याची तजवीज केली होती. धंद्याच्या दृष्टीने यात नवीन काही नव्हते. नवीन होते ते हे की, हा अर्ज दोन रोगी तरुणींनी वाचला. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघी क्षयातून वाचल्या, पण जुन्या विषारी औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेली. सीमांशिवाय डॉक्टर्सच्या मदतीने त्यांनी २०१९ मध्ये आक्षेप दाखल केला. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक खरेदीत कंपनीने स्वतःच्या औषधाचा भाव निम्म्याहून खाली आणला, ल्युपिनसारखी भारतीय कंपनी पुरवठ्यात उतरली आणि सप्टेंबरमध्ये १३४ देशांत दुसऱ्या पेटंटचा आग्रह धरणार नसल्याचे जॉन्सनने जाहीर केले. कंपनीच्या चार वर्षांच्या नफ्याचा आराखडा रोग्यांनी बदलला, आणि तोही कंपन्या ज्या पद्धतीने एकमेकींवर नजर ठेवतात त्याच पद्धतीने.

या दोन्ही वाटा आता अरुंद होत आहेत. १५ मार्च २०२४ रोजी लागू झालेल्या पेटंट नियमांतील दुरुस्तीनुसार फॉर्म २७ दरवर्षी न भरता तीन वर्षांतून एकदा भरावयाचा आहे. मंजुरीपूर्वी आक्षेप घेणाऱ्याला आता शुल्क द्यावे लागते आणि त्याचा आक्षेप ऐकण्याजोगा आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरवितो. २०११ साली हा तीन वर्षांचा नियम असता तर नॅटकोने कोणत्या आकड्यांवर अर्ज केला असता? या दुरुस्तीची चर्चा आपल्या सभा-संमेलनांतून किती झाली, हेही स्वतःला विचारून पाहण्यासारखे आहे. कंपन्यांच्या वकिलांनी तिचा मसुदा ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला त्याच आठवड्यात वाचला असणार.

मुंबईचे पेटंट कार्यालय ॲन्टॉप हिलला आहे. वडाळा, सायन-कोळीवाडा आणि धारावीच्या वस्त्या तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. नेक्सावार आणि बेडाक्विलिन या दोन्ही प्रकरणांचे निर्णय तेथूनच निघाले. या कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी प्रसिद्ध होते आणि संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. आपल्याकडे फार्मसी, रसायनशास्त्र आणि कायदा शिकलेल्यांची संख्या आता कमी राहिलेली नाही. त्यांच्यापैकी चार-पाच जणांनी क्षयरोग, सिकलसेल आणि कावीळ या तीन आजारांच्या औषधांपुरते तरी हे जर्नल आपसांत वाटून घेऊन येत्या शुक्रवारपासून वाचायला सुरुवात करावी आणि त्यांना जे आढळेल ते या पानाकडे पाठवावे, अशी आमची विनंती आहे. आम्ही ते छापू.